सर्वभाषाकोविद शिक्का

कोर्टातल्या सर्वांत विद्वान कर्मचाऱ्याचा अजून कुणी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलेला नाही. तो रबराचा आहे, मूठ लाकडी आहे आणि जबानी संपली की कागदाच्या तळाशी येऊन टेकतो: ‘साक्षीदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवले, समजावून सांगितले, बरोबर असल्याचे त्याने कबूल केले.’ साक्षीदार माडिया असो, कोलाम असो, पावरा असो. याचं कुठे अडत नाही.

शिक्क्याच्या आधी एक दुभाषा उभा करावा लागतो. तो गोंडी मुलखातला शिपाई असतो. शिपाई रजेवर असला तर व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघणारा कुणीतरी. तोही नसला तर आरोपीला घेऊन आलेला हवालदार आहेच. अटक त्याची, अर्थही त्याचाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१७ बजावतं की दुभाष्याने खरा अर्थच सांगितला पाहिजे. त्याला ती भाषा येते का, हे मात्र कलम विचारत नाही. उगाच कशाला कुणाचा अपमान!

तेच शब्द टाइप करणाऱ्याला मिनिटाला ३० मराठी शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. लागायलाच हवं. वेलांटी चुकली तर केवढा अनर्थ! अर्थ चुकून माणूस जन्मठेपेला गेला, तरी निकालपत्राचं शुद्धलेखन निर्दोष असतं.

कोरकू साक्षीदारासमोर गोंडीवाला आणून उभा केला, तरी शिक्का उमटतोच. गोंडी द्राविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. एकाचं दुसऱ्याला ओ का ठो कळत नाही. पण ‘दोघेही आदिवासीच ना?’ असं विचारणारा साहेब स्वतः पुण्याचा असून नागपूरकराशी आपली तुलना झाली तर आठवडाभर जेवत नाही! २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त होते, संस्कृत सांगणारे २४,८२१. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत संस्कृत आहे, गोंडी नाही. म्हणजे उद्या कुणी संस्कृतात दरोडा घातलाच, तर त्याची सोय चोख होईल. आणि जंगलातून लाकूडफाटा आणला म्हणून पकडलेली म्हातारी पिंजऱ्यात उभी राहून कळवळून काही सांगत असते, तेव्हा सगळं कोर्ट घड्याळाकडे बघत असतं. तिने गुन्हा कबूल केला की घरी बकरी बांधायची राहिली म्हणून सांगितलं, हे त्या खोलीत कुणालाही ठाऊक नसतं. लाज वाटायला हवी, पण लाजेसाठी पद मंजूर नाही.

शेवटी कुणीतरी तक्रार केलीच, तर दुभाष्यांना प्रमाणपत्र देण्यासाठी समिती बसेल. वर्षभराने जाहिरात येईल. पद: गोंडी दुभाषा, कंत्राटी. पात्रता: कोणत्याही शाखेची पदवी, मराठी टंकलेखन ३० शब्द, संगणकाचं प्रमाणपत्र. गोंडी येत असल्यास प्राधान्य.