वैशाखातला वसंत आणि अठरा धान्ये

हवामानाचा अंदाज ऐकायला पुणेकराने पुणे सोडावे, हे तसे चमत्कारिकच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या चौकाने ‘सिमला ऑफिस’ हे नाव काही सोडले नाही. त्याच चौकाजवळ राहणारे एक निवृत्त काका यंदाचा पाऊस ऐकायला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला निघाले. सोबत काकू, दशम्या आणि पंचांग. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू, तेव्हा प्रवास सुखाचा होईल, असे काकांनी पंचांग उघडून काकूंना पटवले होते.

हवामान खात्याकडे वसंत ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, की मार्च ते मे थेट मान्सूनपूर्व हंगाम. खात्याच्या वाट्याला वसंत आला तो शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या रूपाने. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे, सोळा घटकांवरून पाऊस सांगणारे प्रारूप खात्याने १९८८ पासून वापरले.

महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रीचा गारवा मनमाडपर्यंत कसाबसा टिकवला. जळगाव येताच काका बॅग काढायला उठले. “अहो, बसा. हे केळ्यांचं जळगाव. आपल्याला जळगाव जामोदकडे जायचंय,” काकूंनी त्यांना खाली बसवले. भुसावळनंतर खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला वारा म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. शेगावला उतरून गजानन महाराजांचे दर्शन झाले, कचोरी झाली, आणि दोघे काळीपिवळीत बसले. बसले म्हणजे कोंबले गेले.

“उष्णतेची लाट आहे वाटतं,” काकांनी रुमालाचे पाणी पिळत विचारले.

“लाट कायची, काकाजी? बेचाळीसच तं हाये,” शेजारच्या शेतकऱ्याने समजूत घातली.

आणि तो शास्त्राला धरून बोलत होता. मैदानी भागात पारा चाळिशी गाठून सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर जावा किंवा सरळ पंचेचाळीसला पोहोचावा, तेव्हा खाते लाट म्हणते. विदर्भाची वैशाखातली सरासरीच चाळिशीच्या वर, त्यामुळे बेचाळीस अंशांत भाजून निघालेल्या माणसाला सरकारदरबारी कसलेही स्थान नाही. काकूंनी पंचांग पिशवीतून काढले आणि त्याने वारा घ्यायला सुरुवात केली. पूर्ण प्रवासात त्याचा एवढाच उपयोग झाला.

भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात होते. ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे गावकरी सांगतात, आणि मांडणीचा मान वाघ घराण्याकडे आहे. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी वगैरे. पुरी म्हणजे पृथ्वी, पानसुपारीचा विडा म्हणजे राजा, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचे नाही. पहाटे कोणते धान्य कुठे सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वर्षाचे भाकीत. राजाचे आसन डळमळणार की नाही हेही विडा सांगतो; निवडणुकीच्या आचारसंहितेपुढे मात्र त्यालाही तोंड बंद ठेवावे लागते.

“खात्याचे सोळा घटक, यांची अठरा धान्ये. दोनाने पुढेच आहेत,” काका म्हणाले. काकूंचे लक्ष करंजीकडे होते. रात्रभर ती उघड्यावर राहणार, हे काही त्यांना पटत नव्हते.

उजाडायच्या आत शेतात जत्रा जमली. मोबाइल उंचावलेले, वाहिन्यांचे माईक पुढे, पिकांच्या काळजीने आलेले शेतकरी मागे. भाकीत झाले. कुठे कमी, कुठे जास्त, एका महिन्यात बरा, दुसऱ्यात लहरी. जिरायती शेतकऱ्याचे सारे वर्ष ज्यावर अवलंबून असते, ते असे मोघम असावे, हे खरे तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले यावर टीका करतात ती रास्तच आहे: असे भाकीत खोटे पाडायचे तरी कसे? खात्याची पंचाईत नेमकी इथे होते. ते देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीची टक्केवारी छापून मोकळे होते आणि मग सापडते. २००२ मध्ये साधारण पाऊस सांगितला आणि पडला १९ टक्के कमी. देशभर टीका झाली, पण खात्याने सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवून पुढच्याच वर्षी नवे आणले. भेंडवळला अठराची एकोणीस धान्ये झाल्याचे ऐकिवात नाही.

परतीच्या काळीपिवळीत कालचाच शेतकरी भेटला. काकांनी वहीत उतरवलेले भाकीत त्याला महिनावार वाचून दाखवले आणि आता काय पेरणार, असे विचारले.

“सोयाबीन.”

“घटात सोयाबीन होतं?”

“आपल्याले काय मालूम! बियानं कवाचं निवडून ठेवलं हाये घरी.”

“मग एवढ्या पहाटे आलात कशाला?”

“पाव्हने आले होते नं तुमच्यासारखे,” तो म्हणाला, “त्यायले दाखवाले आनलं.”