वाघाच्या मावशीचा रहिवासी दाखला

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर तर आहेतच; शिवाय घोडा, तट्टू, खेचर, गाढव, उंट, कुत्रा आणि ससाही आहे. हिमालयातला याक आहे, ईशान्येकडचा मिथुन आहे, हत्ती आहे. पंखवाल्यांत तर शहामृग आणि इमूपर्यंत सगळ्यांची सोय आहे. उद्या शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईच्या शिवारात, उसाच्या फडातून एखाद्या याकानं डोकं बाहेर काढलं, तर त्याची नोंद घ्यायला केंद्र सरकार सज्ज आहे. नोंद होणार नाही ती चुलीपाशी अंग चोरून बसलेल्या मांजरीची. तिला रकानाच नाही.

मांजर दूध देत नाही, उलट पितं. ओझं वाहत नाही. अंडी घालत नाही. सगळं कबूल. पण हत्तीनं तरी शिरूर तालुक्यासाठी यातलं काय केलंय? या पंचक्रोशीत माणसाचं धान्य साठवणं काही आजचं नाही. शेजारच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर सापडलं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. प्रमुख आणि कोठार शेजारी-शेजारी, ही परंपरा आपण तीन हजार वर्षं जपली आहे. कोठार आलं की उंदीर आले आणि उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्याला सरकारदरबारी नाव नाही, हेही परंपरेला धरूनच झालं.

जे मोजलं नाही, त्याचं खातं नाही. खातं नाही, त्याची योजना नाही. योजनाच नाही म्हणून घोटाळाही नाही. देशात इतक्या स्वच्छ चारित्र्याचं दुसरं जनावर दाखवा.

पण खातं नसलं तरी काम थांबत नाही. गावोगावी हे खातं एक मावशी सांभाळते. कुठे ती आजी असते, कुठे निवृत्त मास्तर. आपण सोयीसाठी मावशी म्हणू. तिला नेमणुकीचं पत्र नाही, मानधन नाही, पण बढती मात्र दर दोन महिन्यांनी आहे. एकदा पावसात भिजलेली गाभण मांजरी पडवीत आली आणि तिनं हाकलली नाही, एवढीच काय ती पात्रता परीक्षा. त्यानंतर गावाला पत्ता कळतो. रात्री अकरानंतर मोटारसायकल येते, दारापाशी क्षणभर थांबते, दिवा न लावता जाते. सकाळी दाराशी चुंगडं आणि चुंगड्यात तीन-चार जीव. सोडणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं, मोटारसायकल मात्र आवाजावरून सगळ्या आळीला ओळखू येते.

सोडणारा माणूस दुष्ट नसतो, हे आधी नोंदवलं पाहिजे. तो धार्मिक असतो. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे त्याला आजीनं सांगितलेलं असतं आणि सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून त्याची श्रद्धा आणखी दृढ झालेली आहे. शिवाय मांजर म्हणजे सटवाईचं वाहन. लेकराच्या कपाळी नशीब लिहायला येणाऱ्या देवीची गाडी कोण मोडणार? तेव्हा मारायचं नाही, हे नक्की. पाळायचं नाही, हेही नक्की. या दोन नक्कींच्या मधल्या जागेत चुंगडं बसतं.

मावशी भरली की नदी असते. अलीकडे शिरूर, मध्ये भीमा, पलीकडे दौंड. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही, असं जुने लोक सांगतात. त्यामुळे आमची पिल्लं पलीकडच्या गुऱ्हाळांवर रवाना होतात. अडचण इतकीच की पलीकडेही जुने लोक आहेत आणि तेही हेच सांगतात. परिणामी दोन्ही तालुक्यांतली पिल्लं कायम आहेत तेवढीच राहतात, फक्त पेट्रोल जळतं. कुणी याला हसू नये. मोठ्यांनीच घालून दिलेला धडा आहे हा. पुणं आपलं सांडपाणी मुळा-मुठेला देतं, मुळा-मुठा ते रांजणगाव सांडसपाशी भीमेला देते आणि भीमा ते आमच्या दारावरून पुढे नेते. आपल्या डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे निकालात निघालं, हे तत्त्वज्ञान थेट शहरातून वाहत आलेलं आहे.

कायद्याचं म्हणणंही ऐकून घेऊ. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर वाऱ्यावर सोडणं हा त्यात गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज त्यात दोन माणसांचा वडापाव-चहा जेमतेम होतो. उलट पुणे महापालिकेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये घरात पाळलेल्या मांजराची नोंदणी सक्तीची करायची ठरवली, तेव्हा शुल्क सांगितलं वर्षाला ७५ रुपये. म्हणजे सोडलं तर जास्तीत जास्त पन्नास, तेही पकडलं गेलात तर आणि एकदाच. सांभाळलं तर पंचाहत्तर, तेही दरवर्षी. हिशेबी माणसानं काय करावं, हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही.

आता मावशीच्या भाच्याकडे वळू. मांजर ही वाघाची मावशी. आमच्याकडे वाघ नाही, बिबट्या आहे, पण भाचेपण तेच. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि या भागात बिबट्यानं माणसं नेली, लेकरं नेली. त्यात विनोदाला जागा नाही आणि इथे तो करायचाही नाही. गोष्ट आहे फक्त पिल्लांची. ऊसतोड चालू असते, सरीत पाचटाखाली दोन-तीन पिल्लं दिसतात. पहिल्या नजरेला मांजराचीच वाटतात. मग कुणीतरी ठिपके बघतं आणि क्षणात सगळा फड मोकळा. वनखात्याची गाडी येते, डॉक्टर येतात, पिल्लं तपासली जातात, नर की मादी लिहून घेतलं जातं. संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून आजूबाजूला कॅमेरे लावतात, रात्री आई येते, एकेक उचलून नेते आणि सकाळी मायलेकरांच्या भेटीचा व्हिडिओ जिल्हाभर फिरतो. आजारी किंवा अनाथ असेल तर माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे. हे सगळं योग्यच आहे. पिल्लं गायब झाली की आई बिथरते आणि मग वस्तीला धोका वाढतो. पण तीच सरी, तेच पाचट आणि ठिपके नसतील, तर त्याच पिल्लांना गाडीऐवजी चुंगडं येतं. निसर्गात ठिपक्यांना किती महत्त्व आहे, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात इतकं स्पष्ट लिहिलेलं नसतं.

वर भाचा मावशीलाच खातो. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या बागायती पट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं निघाली: कुत्री ३९ टक्के, मांजरं १५, शेळ्या ११. गावात शेळ्या भरपूर असूनही, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्र्या-मांजराला दार नसतं. म्हणजे आपण मोठ्या भूतदयेनं उसाच्या बांधावर सोडलेलं पिल्लू जगतं ते बहुधा भाच्याच्या ताटात जाण्यापुरतं आणि मग ताट रिकामं झालं की भाचा वस्तीकडे बघतो. बिबट्या गावात का येतो, यावर आमच्याकडे दर आठवड्याला बैठक होते. बैठकीहून परतताना एखादा सदस्य बांधावर चुंगडं मोकळं करतो.

शहरात यापेक्षा बरं असेल, असा समज असेल तर तोही सोडावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी सगळ्या वाहिन्यांवर गाजली. शेजारी वासानं आणि ओरडण्यानं हैराण झाले होते, अधिकारी पाहणीला गेले, मांजरं हलवण्याची नोटीस निघाली. शेजाऱ्यांचा त्रास खरा होता. तीनशे मांजरांचे हालही खरे. पण बातमीत एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही: शहरात मांजरं सांभाळणारं एवढं एकच घर का उरलं होतं? प्रत्येक मजल्यावर एक मांजर राहिलं असतं, तर ती बातमी झाली नसती. दया वाटून घेतली नाही की तिची दुर्गंधी येते.

बरं, पिल्लं वाढवणं म्हणजे बशीत दूध ओतणं, हाही सार्वत्रिक समज. गाईच्या दुधानं त्यांना हगवण लागते. आईवेगळ्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याच्यासाठी मिळणारं वेगळं दूध ड्रॉपरनं पाजावं लागतं, ऊब द्यावी लागते आणि आई जिभेनं करते ते काम ओल्या कापसानं करून त्याला मुतायला लावावं लागतं. ते महिन्याचं होईपर्यंत हे चालतं. सल्ला देणाऱ्या मंडळींपैकी कापूस धरायला कोण येतं, याची पशुगणना करून बघावी. रकाना कोराच राहील.

आणि हिशेब. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते, एका वेताला तीन ते पाच पिल्लं, वर्षात दोन-तीन वेतं. तिची लेक पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. आमच्याकडचा आडसाली ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. लावणीच्या दिवशी व्यालेली मांजरी तोडणीची टोळी येण्याआधी पणजी झालेली असते. कारखान्याची उचल थकली तरी तिची उचल थकत नाही.

एवढी गंभीर समस्या असताना नुसती टीका करणं बरं नाही, म्हणून पुढच्या ग्रामसभेसाठी एक मसुदा तयार केला आहे.

कलम १. योजनेचं नाव ‘भीमातीर आंतरतालुका पिल्लू विनिमय योजना’ असं राहील. विषम तारखेला शिरूरची पिल्लं दौंडला, सम तारखेला दौंडची शिरूरला. वाटेत गाड्या एकमेकींना भेटल्यास चुंगडी पुलावरच बदलून घ्यावीत, इंधन वाचेल.

कलम २. मांजराची मालकी. उंदीर धरला, तर ज्याच्या घरात धरला त्याची. व्याली, तर मावशीची. कोंबडीचं पिल्लू उचललं, तर विरोधी पॅनेलची.

कलम ३. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण काळा आणि लाल रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि दोन्ही रंग दिसायला सहसा दोन एक्स लागतात. त्यामुळे महिला आरक्षणाची अट निसर्गानंच पूर्ण केलेली आहे. बैठकांना मात्र बोक्यानंच बसावं. तशी प्रथा आहे.

कलम ४. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. दाखल्यावरचा वडिलांच्या नावाचा रकाना ऐच्छिक करावा. पशुगणनेनं मांजर वगळलं ते बहुधा या धास्तीनंच.

कलम ५. वनखात्यानं भाच्यासाठी घेतलेले कॅमेरे सवडीच्या रात्री मावशीच्या दारासमोर लावावेत. जनावरांचं चित्रीकरण होणार नाही, याची काळजी घ्यावी. फक्त मोटारसायकली टिपाव्यात.

कलम ६. नसबंदी. या कलमावर सखोल विचार करण्यासाठी उपसमिती नेमावी आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिनं अहवाल देऊ नये.

मसुदा वाचून दाखवायला मावशीकडे गेलो, तर ती एका हातानं पिल्लाला पाजत होती. पहिली पाच कलमं तिनं शांतपणे ऐकली. सहाव्याला म्हणाली, “समिती कशाला बसवतो? येक भाटी आपरेशन करून आणली तर चुंगडी येयाची कमी व्हत्याल. ज्याच्या घरी उंदीर धरती, त्यानं तिला दवाखान्यात न्यायचं. म्हागारी आणून ठिवायची, रातचं दार लावून आत घ्यायची. म्या पिल्लं सांभाळते की, पर गावानं मांजर सांभाळाया पायजे.”

तिचं म्हणणं कलम सात म्हणून मसुद्यात घेतलं. ग्रामसभेत पहिली पाच कलमं टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली, सहाव्यासाठी समितीवर यायला रीघ लागली. सातवं वाचलं तेव्हा सभेचा कोरम संपला.