सॉल्टबर्नहून, आमच्या खास वार्ताहराकडून

ती. बाबांस,

छापून आल्याशिवाय तुमचा कशावरही विश्वास बसत नाही, म्हणून हे पत्र बातमीच्या थाटात लिहिले आहे. वार्ताहर तुमचीच लेक आहे, हे विसरून वाचावे.

मिडल्सबरो, रविवार : येथे राहणारे एक गुहागरकर कुटुंब काल अर्धा तास आगगाडीत बसून समुद्र बघायला गेले. 'गुहागरची माणसं, आणि समुद्र बघायला?' असे माहेरी कोणीतरी विचारणार, हे ठाऊक असल्याने शुक्रवारच्या फोनवर हा बेत लपवण्यात आला होता.

गाव सॉल्टबर्न. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, कड्याच्या माथ्यावर. गाडी थांबते तिथे रूळही संपतात. हेन्री पीज या रेल्वेवाल्या गृहस्थांनी ते वसवले. १८६१ साली गाडी आली. १८६३ च्या झेटलंड हॉटेलला स्वतःचा फलाट होता, उतारू डब्यातून उतरला की हॉटेलात. (आता तिथे फ्लॅट झाले आहेत. ही बातमी गुहागरकरांना नवी वाटू नये.) समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्यांना नावे रत्नांची : रुबी, एमराल्ड, पर्ल, डायमंड. जावईबापूंनी एका दलालाच्या काचेवर लावलेले घरांचे भाव वाचले आणि नावे योग्यच असल्याचा निर्वाळा दिला.

गाव वर, समुद्र खाली. मध्ये १२० फुटांचा कडा. पायऱ्या आहेत, पण जावईबापूंचे गुडघे सुट्टीच्या दिवशीच दुखतात. शिवाय लिफ्ट आहे, १८८४ सालची, पाण्यावर चालणारी. या जातीच्या चालू लिफ्टांमध्ये ब्रिटनमधली सर्वांत जुनी.

बाबा, इथे वार्ताहराला राहवले नाही. हा तर आपल्या विहिरीवरचा रहाट! उतारावरच्या रुळांवर दोन डबे, दोराने एकमेकांना जोडलेले. दोघांच्या पोटाखाली पाण्याच्या टाक्या. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी सोडायचे. तो खालच्यापेक्षा जड झाला की उतरू लागतो आणि दुसऱ्याला वर ओढतो. तळाशी पाणी सोडून द्यायचे, पंपाने परत माथ्यावर चढवायचे. वर बसलेला माणूस फक्त ब्रेक सांभाळतो. फरक एवढाच की आपल्याकडे भरलेले लोटे वर येतात आणि इथे भरलेला डबा खाली जातो. चिरंजीव म्हणाले, "मग बैल कुठाय?" ब्रेकवाल्यांकडे उत्तर नव्हते, कारण प्रश्न मराठीत होता. रंगीत काचांच्या खिडक्या असलेल्या डब्यातून कुटुंब खाली उतरले, आणि चिरंजीवांच्या हट्टापायी पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरले.

खाली धक्का आहे. नुसता चालायला. ना होडी लागत, ना मासळी उतरत. १८६९ मध्ये तो उघडला तेव्हा सुमारे १५०० फूट होता, आता ६८१. वादळांनी वेळोवेळी टोक खाल्ले, १९२४ साली एक जहाज आरपार घुसले, महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून मधला भाग काढला गेला. १९७० च्या दशकात तो पाडूनच टाकायचे घाटत होते. गावकरी अडून बसले, चौकशी झाली आणि १९७८ मध्ये उरलेला धक्का पुन्हा खुला झाला. आखूड, पण आपला. वार्ताहराला हे फार आवडले. जावईबापू म्हणाले, आपल्याकडे असते तर नवा मंजूर झाला असता आणि जुनाही गेला असता.

समुद्राविषयी थोडक्यात : पाणी राखाडी, वारा बोचरा, पारा १५ च्या पुढे जायला तयार नाही. तरी रबरी पोशाख चढवून माणसे फळ्यांवर लाटांशी खेळत होती. चिरंजीवांनी पाय बुडवला, किंचाळले, आणि 'आजोबांचा समुद्र गरम असतो' असे आल्यागेल्याला इंग्रजीत सांगितले.

दुपारी एक दुर्घटना. डबा उघडताच एका सीगलने थालीपीठ पळवले, तेही लोण्यासकट. पाठोपाठ चार आले. इथल्या सीगलांना बटाट्याच्या चिप्सची सवय असते. भाजणीची चव लागल्यावर त्यांनी कुटुंबाला धक्क्याच्या टोकापर्यंत सोबत केली.

त्या धक्क्याच्या कठड्यावर लोकरीची चित्रे होती. २०१२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी कोणीतरी रात्रीतून विणलेले खेळाडू कठड्यावर बसवून गेले. तेव्हापासून नवनवी विणकामे उगवतात. नाव कोणी सांगत नाही. आईने टीव्हीवर घातलेल्या क्रोशाच्या रुमालाला आठ वर्षे हसणारे जावईबापू लोकरीच्या एका मासोळीपुढे पाच मिनिटे उभे होते.

तुमची वार्ताहर

ता. क. : आईला सांगा, त्या रुमालाचा नमुना पाठव. जावईबापूंनी दोन सुया आणल्या आहेत. क्रोशाला एकच लागते, हे अजून त्यांना सांगितलेले नाही.