संदर्भासहित सर

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी नाटक शिकवणाऱ्या आमच्या सरांचं नाव मुलांनी 'संदर्भासहित' ठेवलं होतं. अख्खं नाटक वाचणं ही त्यांच्या मते रिकामटेकड्यांची चैन. पेपरात येतो तो उतारा! फळ्यावर दहा ओळी उतरल्या की डस्टर टेबलावर वाजू लागे : हलकं-जड, हलकं-जड, ओळीला पाच ठोके. दुसऱ्या ओळीपर्यंत खडूच्या धुरळ्यात पहिला बाक दिसेनासा होई.

'किंग लिअर'च्या शेवटी म्हातारा मेलेल्या लेकीपाशी एकच नकार पुन्हा पुन्हा उच्चारतो. मुली रुमाल शोधू लागल्या. सर मात्र भलतेच खुशीत. "१६०८च्या प्रतीत हा शब्द तीनदा, १६२३च्या फोलिओत पाचदा! आणि ठोका उलटा, आधी जड, मग हलका. रडता काय, मोजा!"

ही चिरफाड वर्गाबाहेरही चाले. सोसायटीच्या फळ्यावर 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल' असं झळकलं की लोक बादल्या भरायला पळत. सर तिथंच उभे. "कोण ठेवणार बंद? कर्ता गायब! म्हणजे जबाबदार कुणीच नाही." निदान बिनतोड, घरी बादल्या कोरड्या.

एकदा एसटीत मी त्यांच्या मागच्याच सीटवर होतो. गाडी सुटता सुटता बाईंनी विचारलं, "गॅस?"

"केला."

"कधी?"

"मघाशी."

"नक्की?"

सर ताडकन उठले. बाईंना वाटलं, उतरतायत. "अगं, 'मॅकबेथ'! राजाचा खून करून आल्यावर नवरा-बायको अस्संच एकेका शब्दात बोलतात. एका ओळीचे चार तुकडे! धास्तावलेल्या माणसाला सबंध ओळ पेलत नाही."

बाईंना पेलली. पुढच्या थांब्यापर्यंत त्या बोलत होत्या, शुद्ध गद्यात.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी मानपत्र वाचलं. ज्ञानतपस्वी, व्यासंगी, ऋजू, विद्यार्थिप्रिय... सरांनी हळूच पेन्सिल काढली. सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले ते मानपत्रावर खुणा करूनच.

"विशेषणं अकरा. क्रियापद एकच, तेही 'आहात'. निष्कर्ष : सदर इसमानं एवढ्या वर्षांत काहीही केलेलं नाही."

सभागृह खो खो हसलं. सर स्वतः सगळ्यांत मोठ्यानं. प्राचार्य तेवढे हसले नाहीत. मसुदा त्यांचा होता.