पाव्हणं आलं जर्मनीहून

जालन्याजवळच्या कडवंचीत 1996 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने काम अंगावर घेतले, बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरले आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पैसा जर्मनांचा, म्हणजे जर्मन माणूस इथे सोयराच. मग सोयऱ्याचे जे हाल आपल्याकडे होतात, ते त्याचेही होणारच.

बिचारा वही-पेन काढून शेततळ्याची खोली विचारतो. उत्तराआधी चहा येतो. साखर सढळ हाताने, दूध त्याहून सढळ. तो संपवून उठावे, तर शेजारच्या काकू दारात उभ्या: “त्यांच्याकडं घेतला, मग आमच्याकडं का नाही?” जेवताना ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वरण उतरते. ठेच्याचा घास घेतला की अख्खे घर त्याच्या कानांचा बदलता रंग बघत बसते आणि आजी समाधानाने म्हणते, “लागला वाटतं!”

पुढे शाल, श्रीफळ, फेटा. भर एप्रिलात शाल! “पाच मिनिटांत निघू,” म्हणत यजमान आंघोळीला जातात.

दिवस कलताना स्वारी एकदाची तळ्यावर पोचते. “खोली? भरपूर हाय की! बरं, तुमच्याकडं पाऊस किती? पगार किती? लेकरं किती?” आणि तो भाबडा माणूस सगळ्याची उत्तरे देतो, पावसाचे तर दशांश चिन्हासकट.