एक नंबरला काय टाकायचं?

जुलैच्या आसपास वसई-विरारमध्ये बारावी झालेल्या मुलाच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी प्रश्न येतो, "एक नंबरला काय टाकायचं सांगा." हा प्रश्न ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा त्या अर्जाचा. मुंबई विद्यापीठाने व्यवस्थापनाचं बीएमएस सुरू केलं 1999 साली, आणि पुढची पंचवीसएक वर्षं बहुतेक ठिकाणी बारावीचे टक्के नि कॉलेजच्या भिंतीवरची मेरिट लिस्ट एवढ्यावर सगळं भागत होतं. 2024 मध्ये एआयसीटीईने बीबीए, बीएमएस आपल्या पंखाखाली घेतलं आणि राज्यात त्याची सीईटी सुरू झाली. मग काही कॉलेजांनी याच अभ्यासक्रमाचं बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असं नवं बारसं केलं आणि सीईटीतून सुटका करून घेतली. व्यवस्थापनाचा पहिला धडा विद्यार्थ्यांआधी कॉलेजांनीच गिरवला म्हणायचा.

माझ्या भाचीने सीईटी दिली, पर्सेंटाइल बरा आला, आणि विरार पश्चिमेच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात दोन पक्ष पडले. एक 'इथलं', दुसरं 'चर्चगेटचं'. कॉलेजांची खरी नावं घरात कुणी घेतच नव्हतं. इथलं म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं. चर्चगेटचं म्हणजे साठ किलोमीटर.

भावजी हिशेबी माणूस. त्यांनी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडेमोड केली. घरातून कॉलेजात पोचायला दोन तास, जाऊन-येऊन चार. वर्षाचे कॉलेजचे दिवस धरा 180. म्हणजे 720 तास. तीन वर्षांचे 2160. भागिले चोवीस. "नव्वद दिवस," ते म्हणाले, "रात्र धरून. पोरगी तीन महिने गाडीतून खालीच उतरणार नाही." हे उत्तर इतकं नेमकं आलं की त्यांना स्वतःलाच क्षणभर भीती वाटली.

आणि गाडी म्हणजे तरी कुठली? विरारहून गाडी सुटते म्हणून विरारकराला जागा मिळते, असं दादरला राहणाऱ्यांना वाटतं. नालासोपाऱ्याची आणि वसईची मंडळी उलट्या दिशेने येऊन, म्हणजे रिटर्न मारून, आधीच बसलेली असतात. गाडी विरारला शिरते तेव्हा खिडक्यांत रुमाल, पिशव्या आणि डोळे मिटलेले चेहरे. आपल्याच स्टेशनात, आपल्याच गाडीत माणूस उभा. 12 एप्रिल 1867 ला विरार ते बॅकबे पहिली लोकल धावली, तेव्हा म्हणे दिवसाला एकच गाडी होती. त्या गाडीत तरी विरारकर बसला असेल, अशी माझी आपली समजूत आहे.

"लेडीज स्पेशल आहे की," ताई म्हणाली. आहे. 1992 च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली अशी ती सुरू झाली आणि पुढे विरारपर्यंत आली. पण ती तिच्या वेळेला, आणि कॉलेज त्याच्या वेळेला.

ताईचा पक्ष मोठ्या नावाचा. तिचं म्हणणं, चर्चगेटच्या बाजूला शिकलेलं पोर बोलायला वेगळं होतं. तिकडे 1913 साली निघालेलं सिडनहॅम आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 पासून तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. तसली हवा इथे कुठून आणणार? मुद्दा खोटा नाही. फक्त त्याच 1918 साली इकडे वसईत लोकांनी बॅसिन कॅथलिक बँकेची सुरुवात केली, हे मी तिच्या कानावर घातलं. ती बँक अजून चालू आहे आणि ताईचं स्वतःचं खातं तिथेच आहे. "खातं वेगळं, कॉलेज वेगळं," ताई म्हणाली. यावर कोणाकडे काय उत्तर आहे?

"पण घराजवळ शिकून पोरं पुढे जात नाहीत," हे मात्र मला पटेना. वसईत ज्यांच्या नावाने कॉलेज आहे ते संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकातले वसईचेच. शिकले इथे, जेझुइटांकडे. तिथून जपानला गेले, भाषा शिकले, पुढे व्यापारात उतरले आणि त्यात चांगला जम बसवला. मग सगळं सोडून ते फ्रान्सिस्कन झाले. घराजवळच्या शाळेतून निघून परदेशात व्यापार उभा करणारा मुलगा, एवढंच मी ताईला सांगितलं. 1597 मध्ये नागासाकीला त्यांना आलेलं हौतात्म्य तिला आधीच ठाऊक होतं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ताईच्या सासूबाई आगाशीच्या. सगळे त्यांना आजीच म्हणतात. या वादात त्या बोलल्या नाहीत, पण सगळं ऐकत होत्या. त्यांच्या पायाशी माहेरहून विकायला आलेली सुकेळी होती. राजेळी केळी नेमकी पिकली की सोलून उन्हात घालायची, उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, असं दिवसामागून दिवस. शेवटी ती मधाच्या रंगाची आणि चिवट होतात, मग केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. आजी एकेक सुकेळं अंगठ्याने दाबून बघत होत्या. शेजारच्या बाईंनी भाव जरा कमी करायला सांगितला, तेव्हा आजींनी वाद घातला नाही, पुडकं उचलून मांडीआड ठेवलं. बाईंनी पूर्ण पैसे दिले. बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला वाटाघाटींवर एक प्रकरण असतं म्हणतात.

निर्णय कसा घ्यावा यावरही असतं. त्यात हर्बर्ट सायमन येतात, ज्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सर्वांत उत्तम पर्याय शोधतच नाही, त्याला तेवढी माहिती नसते नि वेळही नसतो. बऱ्यापैकी काही सापडलं की तो थांबतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे समजावून सांगितलं. भावजींनी शांतपणे विचारलं, "मग त्यांनी आपल्या पोरांना कुठल्या कॉलेजात घातलं?"

भाचीला चर्चगेट का हवं होतं? अभ्यासक्रम दोन्हीकडे जवळपास सारखाच. खोदून विचारल्यावर म्हणाली, "मामा, तिकडे समोर समुद्र आहे." भावजी आतून ओरडले, "समुद्र हवा तर राजोडीला जा!"

एवढ्या चर्चेत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्राध्यापक कोण, ग्रंथालय कसं, हे कोणी फारसं विचारलं नाही. कॉलेज भरतं किती वाजता, हेही नाही. पण सुटतं किती वाजता, हे प्रत्येकाने विचारलं. ताईने प्लेसमेंटच्या मध्येच विचारलं, भावजींनी भागाकार करता करता विचारलं, आणि आजींनी तर तेवढंच विचारलं. नाव, फी, अंतर हे सगळं तोंडी लावायला. घरची माणसं खरं तर दिवेलागणीची वेळ ठरवत होती. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण हे सरळ बोलायचं सोडून नॅकच्या श्रेणीवर भांडण करायचं, याचं हसू येतं.

फॉर्म शेवटी भाचीनेच भरला, मुदतीच्या रात्री, मोबाइलवर. एक नंबरला चर्चगेट, दोनला इथलं. पहिल्या राउंडला दोन नंबर लागला. झालं, भावजींच्या मनासारखं झालं. पण जे हवं होतं ते पदरात पडल्याबरोबर त्यांना ते जरा हलकं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी मला फोन, "सीट फ्रीज करायची, की बेटरमेंटला थांबायचं? नव्वद दिवसांचं तसं काही नाही हो. लोक जातातच की."

मी काही सल्ला देणार, तोवर पलीकडून भाचीचा आवाज आला. तिने सकाळीच फ्रीज करून टाकलं होतं. इथलं कॉलेज साडेसातला भरतं आणि बाराच्या आत सुटतं. पुढचा अर्धा दिवस मोकळा, म्हणून अंधेरीच्या एका ऑफिसात इंटर्नशिपसाठी तिने अर्जही करून ठेवला होता.

"अंधेरी?" भावजी म्हणाले. "म्हणजे पुन्हा गाडीच? आणि सुटणार किती वाजता?"

"सुटायचं बघू," ती म्हणाली, "पण दुपारच्या गाडीला बसायला मिळतं, बाबा."