टामीसाहेबांस अनावृत पत्र

मा. टामीसाहेब,
मुक्काम ड्रायव्हरच्या सीटमागे (सर्व ट्रक)



खामगावच्या मार्केट यार्डापासून मलकापूरपर्यंत आपला शब्द अंतिम आहे. ड्रायव्हरने आपल्याला उचलायचे, चाकावर दोन ठोके द्यायचे. ‘ठण्ण’ वाजले की हवा बरोबर, ‘भद्द’ वाजले की कमी. एवढ्या दाखल्यावर सोयाबीनने भरलेला ट्रक राजूर घाट उतरतो, मेहकरला समृद्धीवर चढतो. कुणी गेजचे नाव काढले, तर क्लीनर फटकारतो, ‘वाजते ना चांगली, मंग कशाले मोजता?’

मालकांनी नायलॉन काढून रेडियल घातले, तेही दुसऱ्याच मापाचे. केबिनमधल्या पट्टीवरचा आकडा मूळ टायरांचा. नव्या टायरावर छापलेली हवा त्याच्या कमाल भाराची. रिकाम्या परतीलाही तेवढीच भरली तर गाडी उड्या मारते आणि रबर मधूनच झिजते. रेडियलची कूस तर पुरेशी हवा असतानाही फुगलेली दिसते, म्हणजे डोळ्यांचाही भरवसा गेला. उरलात आपण. पार बसलेला टायर आपण ओळखता, हे मान्य. पण १२० पीएसआय आणि ९५ पीएसआय आपल्या तोंडी सारखेच वाजतात.

काही नतद्रष्ट लोक मात्र भरलेली गाडी वजनकाट्यावर नेतात. आधी पुढचा एक्सल, मग मागचा. वजनाला टायरांनी भागायचे आणि त्या भाराला किती हवा, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघायचे. त्यात भलतेच काही बाहेर पडते. केंद्राने २०१८ साली चार टायरांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे टायरामागे २,८७५ किलो. आता टायरावर १४६/१४३ असे छापलेले असेल, तर जोडीतल्या टायराची ताकद २,७२५ किलोच. तिथे हवा कितीही मारा, टायरच चुकीचा. हे ठोकून कसे कळावे? छापलेले वाचावे लागते, आणि आपल्या दरबारी वाचनाला बंदी.

वैशाखातले आपले न्याय तर विचारू नका. दुपारी धाब्यावर गाडी थांबते, तापलेला टायर जास्तच खणखणल्यासारखा वाटतो, आणि आपल्या हुकमाने हवा सोडली जाते. शंभराच्या पुढची हवा दर दहा अंशांना चारेक पीएसआय वाढते. रात्री टायर थंडावला की तेवढीच उतरते आणि सोडलेली हवा कमी पडते. मोजायचे ते पहाटे, गाडी निघण्याआधी.

तरी विनंती, आपण पान्याच्या भोकात शिरून चाकाचे नट सोडवावेत. त्या कामात आपला हात कुणी धरणार नाही.

आपला,
एक गेजवाला

ता. क. : मागच्या जोडीतला आतला टायर आपली आठवण काढतो. आपण बाहेरच्यालाच ठोकून परत फिरता, म्हणे. आतला बसला, तरी बाहेरचा दोघांचा भार घेऊन ‘ठण्ण’ म्हणतोच. व्हॉल्व्हला लांब नळी लावायची तेवढी परवानगी द्यावी.